तलावाची तब्येत क्विंटलात मोजू नका

उन्हाळा लागला, पाणी उतरलं, जाळी बाहेर निघाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव एकच प्रश्न ऐकू येतो. "औंदा किती निघाली गा मासोळी?" कोणी सांगतो दहा क्विंटल, कोणी वीस. आकडा मोठा असला की तलाव बरा, लहान असला की तलाव बिघडला. आणि याच एका आकड्यावर पुढचं सगळं ठरतं. बीज किती टाकायचं, ठेका कसा द्यायचा, गाळ काढायला जेसीबी कधी बोलवायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्विंटलचा आकडा हा विक्रीचा हिशेब आहे. तो सोसायटीच्या वहीत खुशाल राहू द्या. पण तलाव निरोगी आहे का, त्यातल्या मासोळ्यांचा आपसात मेळ आहे का, हे त्या आकड्यातून कळत नाही. तलाव आतून खचत असताना तो आकडा दोन-चार वर्षं वाढूही शकतो. कसा, ते सांगतो. पोस्ट लांब झाली आहे, पण ज्यांच्या गावात तलाव आहे, बोडी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आधी थोडं मागचं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले, धानाच्या बांध्यांना पाणी दिलं, आणि त्याच पाण्यावर ढिवर, भोई, केवट समाजाची चूल पेटली. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. आज बहुतेक मामा तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत आणि मासेमारी सहकारी संस्थांकडे. म्हणजे पाळ एकाची, पाणी दुसऱ्याचं, मासोळी तिसऱ्याची. तब्येत बघायचं काम मात्र कोणाचंच नाही.

आता मूळ मुद्दा. तलावात दोन प्रकारच्या मासोळ्या असतात. एक आपण आणून टाकलेल्या, दुसऱ्या घरच्या.

रोहू, कतला, मृगळ या आपण टाकलेल्या. या मासोळ्या साचलेल्या पाण्यात वाढतात, पण सहसा अंडी देत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं नदीचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी नदीतून बीज गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन या जातींकडून अंडी घालून घेतली, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागलं. दर वर्षी १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो याचसाठी. चांगली गोष्ट झाली, लाखो घरांना रोजगार मिळाला. पण याचा अर्थ असा की तलावात रोहू किती निघाली, हे मुख्यतः आपण बोटुकली किती टाकली आणि त्यातली किती जगली यावर ठरतं. बाजारातून तांदूळ आणून कोठी भरायची आणि म्हणायचं औंदा शेत चांगलं पिकलं, तसला हा हिशेब आहे.

घरच्या मासोळ्यांचं तसं नाही. मरळ, शिंगी, मागूर, शिवडा, वांब, कटवा, खवली, झिंगे यांचं बीज कोणी टाकत नाही. ती तलावातच जन्मतात, तिथंच मोठी होतात, तिथंच अंडी देतात. तलाव चांगला असेल तरच त्यांचा संसार चालतो. म्हणून मी असं म्हणतो: टाकलेली मासोळी तलावात खायला किती आहे ते सांगते. घरची मासोळी तलाव राहायला कसा आहे ते सांगते. दोघींनाही विचारावं लागेल.

विचारायचं कसं? मी गेली काही वर्षं उन्हाळ्यात आमच्या तलावावर जाळ्याजवळ वही घेऊन बसतो. ढिवर टोलीतल्या जाणत्या माणसांचं ऐकत आणि मत्स्यशास्त्राची पुस्तकं वाचत पाच तपासण्या मी नक्की केल्या आहेत. लागणारं सामान म्हणजे वजनाचा काटा, मोजपट्टी, एक पांढरी ताटली आणि वही. प्रयोगशाळा लागत नाही.

पहिली तपासणी: जाती किती?

जाळं ओढलं की आपण मोठी मासोळी वेगळी काढतो आणि बाकी सगळं "बारीक" म्हणून एका टोपलीत टाकतो. तब्येतीची खरी बातमी त्या टोपलीत असते. ती टोपली चादरीवर ओता आणि जाती मोजा. नाव माहीत नसेल तर टोलीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्यांना माहीत असतं. मागच्या वर्षी होत्या आणि औंदा नाहीत, अशा किती? वीस वर्षांपूर्वी होत्या आणि आज नातवंडांनी नावही ऐकलं नाही, अशा किती? ही यादी करायला एक संध्याकाळ पुरते.

यात एक खूण लक्षात ठेवा. मरळ, मागूर आणि शिंगी या मासोळ्या पाण्याबाहेरची हवाही घेऊ शकतात. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी त्या तग धरतात. तुमच्या टोपलीत फक्त याच उरल्या असतील आणि खवली, झिंगे, चाल अशी नाजूक मंडळी गायब असतील, तर "आमच्याकडं मरळ भरपूर आहे" म्हणून खूष होऊ नका. ते पाणी गुदमरलेलं आहे.

दुसरी तपासणी: लेकरं, तरणी, म्हातारी, तिन्ही आहेत का?

गावात फक्त म्हातारी माणसं दिसली तर आपण काय समजतो? तेच तलावालाही लागू आहे. घरच्या प्रत्येक मुख्य जातीत तीन मापं शोधायची: या पावसाळ्यात जन्मलेली बोटाएवढी, मागच्या सालची मधली, आणि जुनी मोठी. तिन्ही मिळाली तर वंश चालू आहे. नुसत्या मोठ्याच मिळाल्या तर गेली दोन-तीन वर्षं पिल्लं जगलेली नाहीत. नुसत्या बारीकच मिळाल्या तर मोठ्यांना आपण वाढू देत नाही, जाळ्याची आस फार बारीक झाली आहे.

क्विंटलचा आकडा फसवतो तो इथंच. मोठी मासोळी वजनाला भारी. तलावात पिल्लं जन्मणं बंद झालं तरी दोन-चार वर्षं मोठ्या मासोळ्या निघत राहतात आणि वजन भरत राहतं. मग एके वर्षी अचानक काही निघत नाही आणि आपण म्हणतो, "कोणी औषध टाकलं वाटते." औषध कोणी टाकलेलं नसतं. पाळणा आधीच रिकामा झालेला असतो, आपण त्यात डोकावलेलं नसतं.

रोहू-कतलाला मात्र ही तपासणी लावू नका. त्यांची पिल्लं तलावात नसणं हा आजार नाही, तो त्यांचा स्वभाव आहे.

तिसरी तपासणी: अंग भरलेलं आहे का?

जाणता ढिवर मासोळी हातात घेतली की सांगतो, "हे उपाशी आहे." डोकं मोठं, पाठ खपाटीला, पोट आत. हेच आकड्यात मांडता येतं. मासोळीचं वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला १०० नं गुणा, आणि लांबी सेंटिमीटरमध्ये घेऊन तिच्या घनानं भागा. उदाहरण घ्या. ४० सेंटिमीटरची रोहू आहे. ४० चा घन ६४,०००. तिचं वजन ८०० ग्रॅम असेल तर उत्तर येतं १.२५. तेवढ्याच लांबीची दुसरी रोहू ५७५ ग्रॅमची निघाली तर उत्तर येतं ०.९ च्या आसपास. दोघी दिसायला सारख्याच लांब, पण दुसरीला पुरेसं खायला मिळालेलं नाही.

हा आकडा एका जातीचा दुसऱ्या जातीशी ताडायचा नाही. मरळ लांबट, कतला रुंद, त्यांचं उत्तर वेगळंच येणार. रोहू रोहूशी, तीही त्याच महिन्यातली, कारण गाभोळी भरलेली मासोळी जड असते. एका जातीच्या वीस-पंचवीस मासोळ्या मोजल्या तरी चित्र दिसतं. दर वर्षी हा आकडा उतरत असेल तर बीज जास्त पडत आहे. त्या वर्षी आणखी बोटुकली टाकणं म्हणजे चार भाकरीच्या घरात आणखी आठ पाहुणे बोलावणं.

यासोबत कल्ले उघडून बघा. लालभडक असले तर बरं. फिके, चिकट असले तर काहीतरी बिघडलं आहे. अंगावर लाल जखमा, शेपटी कुजलेली, खवल्यांवर माशाची ऊ चिकटलेली दिसली तर किती मासोळ्यांत किती, ते लिहा. हिवाळ्यात मरळीच्या अंगावर लाल व्रण दिसले तर लगेच मत्स्य विभागाच्या कार्यालयाला कळवा. तो रोग पसरतो.

चौथी तपासणी: कोण कोणाला खातं?

मरळ, शिवडा या शिकारी मासोळ्या. खवली, चाल, झिंगे हे त्यांचं खाद्य. शिकारी कमी झाले तर बारीक मासोळी बेसुमार वाढते, खाणं पुरत नाही, आणि सगळीच खुरटते. शिकारी जास्त झाले तर बारीक मासोळी संपते आणि मग मोठी मरळही लांब-बारीक, भुकेली दिसते. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्न इथं होमर स्विंगल नावाच्या शास्त्रज्ञानं कित्येक तळी उपसून मासोळी मोजली आणि १९५० साली मांडलं की खाज्या मासोळीचं एकूण वजन शिकारी मासोळीच्या तीन ते सहा पट असलं की तळं चांगलं चालतं. ती तळी दोन-तीन जातींची होती, आपल्या तलावात डझनांनी जाती. म्हणून त्यांचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. तत्त्व उचला: शिकारी आणि खाजं, दोन्हींची टोपली वेगळी तोला आणि त्यांचं प्रमाण दर वर्षी कुठं सरकतं ते बघा.

मेळ बिघडल्याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे तिलापिया. ही मासोळी १९५२ साली भारतात आली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळं ती जगतात फार. जाळ्यात अर्ध्याहून जास्त तळहाताएवढी तिलापिया येत असेल आणि एवढ्याशा मादीच्या तोंडात अंडी दिसत असतील, तर समजा की तलाव तिच्या ताब्यात गेला. तिथं बीज टाकून पैसे पाण्यात जातात. तिथं मरळ आणि शिवडा टिकवणं हेच औषध आहे.

पण आपण काय करतो? मरळ आपलं बीज खाते म्हणून आधी मरळच संपवतो. बोटुकली फार बारीक टाकली तर मरळ ती खाणारच, खोटं कशाला बोला. उपाय म्हणजे बीज बोडीत किंवा जाळीच्या कप्प्यात वाढवून, मोठं करून मग तलावात सोडणं. मरळ संपवणं म्हणजे उंदीर सोडून मांजराला काठी.

पाचवी तपासणी: पाणी आणि काठ

पाणी बघायचं असेल तर पहाटे जा. रात्रभर वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू देत नाहीत, उलट वापरतात. म्हणून सूर्य उगवायच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. त्या वेळी मासोळ्या वर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील, तर तलाव काठावर उभा आहे. दोन दिवस ढगाळ गेले की मासोळी उलटी होऊन तरंगेल.

पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजा. हातभर खाली गेली तरी स्वच्छ दिसत असेल तर पाण्यात सूक्ष्म खाद्य कमी आहे. वीतभर जायच्या आधीच हिरवटपणात हरवली तर शेवाळ जास्त झालं आहे, सांडपाणी किंवा खत येत असेल. गढूळपणात हरवली तर गाळ ढवळला जातो आहे.

आणि काठ बघा. घरच्या पुष्कळ मासोळ्या काठच्या उथळ पाण्यात, पाणवनस्पतींत अंडी देतात. पिल्लं तिथंच लपतात. मरळीची जोडी तर पिल्लांवर पहारा देते. पिल्लांचा लालसर थवा पाण्यावर दिसतो आणि खाली आई-बाप असतात. त्या वेळी त्यांना गळ टाकून काढलं की अख्खा थवा गेला. काठावर हायड्रिला, कमळ, देवधान आहे की बेशरमचं रान माजलं आहे? मोकळं पाणी आहे की जलपर्णीची चादर आहे? हे लिहा.

भंडारा-गोंदियात याचं काम झालेलं आहे. मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ढिवर बांधवांना घेऊन अर्जुनी मोरगाव भागात तलावांतली बेशरम उपटली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, स्थानिक मासोळ्यांकडं लक्ष दिलं. त्या कामाचा पाया काय होता? ढिवरांना ठाऊक असलेली माहिती. कोणती मासोळी कोणत्या वनस्पतीजवळ राहते, कुठं अंडी देते, काय खाते. हे ज्ञान आपल्या टोलीत आहे. सरकारी फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही.

आता या पाच तपासण्यांचा ग्रामसभेशी काय संबंध, ते सांगतो.

समजा ग्रामसभेत विषय आला, बीज टाकायचं. कोणतं? त्यात गवत्या असला तर तो पाणवनस्पती खाणार, म्हणजे घरच्या मासोळीचं बाळंतघर खाणार. सिप्रनस असला तर तो तळाचा चिखल उकरणार आणि पाणी गढूळ करणार. थाई मागूरला तर बंदीच आहे, तरी कोणी स्वस्तात देतो म्हणून आणू नका. तो घरच्या मासोळीचा फडशा पाडतो. जलपर्णी किंवा हायड्रिलानं तलाव पार कोंडला असेल तर उपाय करावा लागेल, पण आधी मोजा, मग ठरवा.

समजा विषय आला, गाळ काढायचा. २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना सुरू झाली. गाळ निघाला पाहिजे, शेताला सोनं आहे ते. पण जेसीबी काठापासून सरळ खोल खणत गेला तर तलाव विहिरीसारखा होतो. उथळ उतरता काठ गेला की अंडी द्यायची जागा गेली. पाणी वाढलं आणि मासोळी गेली, असं नको असेल तर काठाची एक बाजू जशी आहे तशी सोडा असं ठरावात लिहावं लागेल. तोंडी सांगून जेसीबीवाला ऐकत नाही.

समजा विषय आला, ठेका. ठेका घेणारा विचारतो, किती क्विंटल निघते? त्याला क्विंटल सांगितलं की तो त्या क्विंटलसाठीच तलाव वापरणार. शेवटच्या वर्षी बारीक आसेचं जाळं ओढून सगळं खरवडून नेणार. त्याची मुदत संपली, तो गेला. तलाव आपल्याकडंच राहतो. पाच तपासण्यांची नोंद असेल तर आपण म्हणू शकतो: तलाव या हालतीत दिला होता, या हालतीत परत पाहिजे.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. क्विंटलात मोजली जाते ती रोहू-कतला. ती गाडीत बसून नागपूरच्या बाजारात जाते. मोजली जात नाही ती बारीक मासोळी, जी बाया टोपलीत घेऊन गल्लोगल्ली विकतात, जी वाळवून पावसाळ्यासाठी ठेवतात, जी काट्यासकट खाल्ली जाते आणि लेकरांच्या हाडांना कॅल्शियम देते. जे सोसायटीचे सभासद नाहीत, त्यांच्या घरात तलावातून काही येत असेल तर हेच येतं. आमच्या टोलीतली एक आजी म्हणते, "रोहू सोसायटीची, झिंगे आमचे." क्विंटलचा आकडा वाढला आणि झिंगे संपले, तर गावाची मिळकत वाढली असं कागद म्हणेल. आजीच्या घरातला डबा रिकामा झाला हे कोणताच कागद म्हणणार नाही. एखाद्या गोष्टीचा वहीत रकानाच नसेल तर ती गेली हेही कळत नाही.

माझ्यावर दोन आक्षेप येतील, ते आधीच घेतो.

पहिला: "सोसायटी चालायची असेल तर रोहू-कतला लागणारच." मान्य. मी त्याच्या विरोधात नाही. बीज टाका, पण अंग भरलेलं आहे का ते बघून टाका, आणि मोठं करून टाका. कमी बोटुकली टाकून मासोळी जास्त भरली तर बीजाचा खर्च वाचतो आणि मोठ्या मासोळीला भावही बरा मिळतो. यात सोसायटीचाच फायदा आहे.

दुसरा: "हे मोजायला वेळ कोणाला आहे?" वर्षातून दोन दिवस लागतात. एक पावसाळा संपल्यावर, पिल्लं बघायला. एक उन्हाळ्यात, मोठी मासोळी निघते तेव्हा. एक पथ्य मात्र पाळा: दर वर्षी तीच जागा, तीच जाळी, तेवढाच वेळ. एक बारीक आसेचं जाळं, एक मोठ्या आसेचं, आणि उथळ काठाला बांबूचे सापळे. एकाच जाळ्यानं मोजाल तर त्या जाळ्यात बसेल तेवढाच तलाव दिसेल. आणि मासोळी किती निघाली हे लिहिताना जाळं किती वेळा टाकलं तेही लिहा. पाणी आटलं की मासोळी डबक्यात गोळा होते आणि दहा फेकांत ढीग निघतो. तो ढीग तलावाच्या श्रीमंतीचा नाही, दुष्काळाचा आहे.

शाळेची पोरं, बचत गटाच्या बाया आणि टोलीतली चार जाणती माणसं बसली तर काम होतं. पोरांना घनफळ आणि सरासरी शिकवायला याहून चांगला तास मिळणार नाही.

आणि कायदा आपल्या बाजूला आहे. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे आणि तिनं लोकांसोबत बसून लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. ती वही आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल. काढायला सांगा. त्यात तलावाच्या पानावर काय लिहिलं आहे ते वाचा. नुसती चार नावं असतील तर आपण आपली पानं जोडू. वनहक्क कायदा २००६ मध्येही पाणवठ्यातली मासोळी हा सामूहिक हक्क म्हणून लिहिलेला आहे. हक्क आपला, तर नोंदही आपणच ठेवायची.

म्हणून येत्या ग्रामसभेसाठी माझ्या तीन मागण्या आहेत. ज्या गावांना पटतील त्यांनी आपल्या भाषेत मांडाव्या.

एक, तलावाची पाच तपासण्यांची नोंद समोर ठेवल्याशिवाय बीज, ठेका आणि गाळ यांपैकी कोणताही विषय मंजूर करू नये.

दोन, तलावाचा एक उथळ कोपरा राखीव ठेवावा. पहिल्या पावसापासून पिल्लं मोठी होईपर्यंत तिथं जाळं नाही, गळ नाही, जेसीबी कधीच नाही. सांडव्यावरून चढणारी गाभोळीची मासोळी त्या काळात धरू नये.

तीन, ही नोंद दर वर्षी नोंदवहीत चढवावी, आणि ती करणाऱ्या ढिवर बांधवांना, विशेषतः बायांना, त्या दिवसांची मजुरी मिळावी. त्यांच्या डोक्यातलं ज्ञान फुकट वापरायची सवय आपण सोडली पाहिजे.

तलाव बांधणाऱ्यांनी पाळ बांधताना पुढच्या कित्येक पिढ्यांचं धान आणि पाणी पाहिलं होतं. आपल्याला निदान पुढच्या पाच वर्षांची मासोळी तरी दिसली पाहिजे.

एक काम आजच करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, लहानपणी तलावात कोणकोणत्या मासोळ्या होत्या. जी नावं सांगतील ती इथं खाली लिहा, गावाच्या नावासकट. त्यातल्या किती आज जाळ्यात येतात, तेही लिहा. यादी आपल्या आपणच बोलेल.